उतारावरचा चहा

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या संस्थेचा वार्षिक अहवाल मला मिळाला. नोकरी सोडून बरेच दिवस झाले, तरी त्यांच्या पत्त्यांतून माझा पत्ता काढायचं कुणाला सुचलेलं नाही. गुळगुळीत कागद आणि भरपूर हसरे चेहरे. मधल्या पानावर एक चित्र आहे. एक उतार, उतारावर व्हीलचेअर आणि तिच्या सीटवर वाफाळता चहाचा कप. खाली लिहिलंय, 'गुणवत्ता तपासण्याची आमची आगळी पद्धत.'

चित्रातल्या खुर्चीत कुणीच बसलेलं नाही. त्या खुर्चीत निर्मला इंगोले बसायच्या. अख्ख्या अहवालात त्यांचं नाव नाही.

मी अहवाल भिंतीवर फेकून मारला. एवढ्या गुळगुळीत कागदाचा आवाजही धड होत नाही.

संस्थेचं काम सांगायला सोपं होतं. पंजाब-हरियाणाच्या खेड्यांतल्या ज्यांना चालता येत नाही त्यांना व्हीलचेअर द्यायची आणि दिलेली खुर्ची चालू राहील हे बघायचं. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात पत्र्याची एक शेड होती. अर्ध्या शेडमध्ये खुर्च्या, अर्ध्या शेडमध्ये आम्ही. मी तिथे लिहायच्या कामाला लागले. मी मूळची इचलकरंजीची. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते, त्यामुळे घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकांचे गठ्ठे फार. जगात अन्याय दिसला की आधी पत्रक काढायचं, एवढं मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. हे ऐकल्यावर निर्मलाताईंनी माझं नावच 'पत्रक' ठेवलं. "ए पत्रक, इकडे ये," अशी हाक शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. हळूहळू पंजाबी मंडळींनाही वाटायला लागलं की महाराष्ट्रात मुलींची अशी नावं असतात.

त्या ऑपरेशन्स हेड होत्या. म्हणजे काय, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तू लिहितेस ना, 'खुर्ची पोचली' म्हणून?"

"हो."

"ती पोचवणारी मी."

कारखान्याशी भांडण, टेम्पो, टायर, गोदाम, सरकारी परवानग्या, शेडच्या नळाला पाणी, सगळं त्यांच्याकडे. मूळच्या अमरावतीच्या. नवरा हवाई दलातून निवृत्त झाला आणि दोघांनी झिरकपूरला फ्लॅट घेतला. झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये रोज सकाळी अडकायचं आणि अडकल्याअडकल्या फोनवरून लोकांना झापायचं, हा त्यांचा दिनक्रम होता. सुती साडी, खाली खेळायचे बूट. पर्समध्ये कंगवा, ठेच्याची डबी आणि दहा नंबरचा पाना. ठेच्याची डबी निम्मी बलबीर पाजींसाठी असायची. बलबीर पाजी आमचे मेकॅनिक. ते ठेचा खाऊन डोळे पुसायचे आणि म्हणायचे, "मैडम जी, ये खाना नहीं है, ये हमला है," आणि पुन्हा डबीत बोट घालायचे.

स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. कौतुक त्यांना जमत नसे आणि फोनवर 'हॅलो' म्हणायची पद्धत नव्हती. चिडल्या की अमरावती बाहेर यायची.

एकदा मी एका खेड्यातल्या बाईवर लेख लिहिला. नवी खुर्ची मिळाल्यामुळे त्या बाईच्या आयुष्यात नवी पहाट उगवली, असं शेवटचं वाक्य होतं. मला ते फार आवडलं होतं. निर्मलाताईंनी कागद वाचला आणि त्याच बाईला फोन लावला. दोन-चार प्रश्न विचारले आणि फोन ठेवला.

"काहून गं, हे काय लिहून राहिली तू?"

"काय झालं?"

"पहाट झाली म्हणतेस. त्या बाईची खुर्ची संडासाच्या दारातून आत जात नाही. पहाटेच तर लागतं ना माणसाला? खोड ते वाक्य."

मी खोडलं. दुसऱ्या दिवशी बलबीर पाजी अरुंद खुर्ची घेऊन त्या गावाला गेले. लेख कधी छापला गेला नाही, कारण निर्मलाताईंच्या मते आता त्यात लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि आता तो चहा.

कारखान्यातून खुर्च्यांची नवी खेप आली की निर्मलाताई ढिगातून कुठलीही एक खुर्ची ओढायच्या आणि सकाळी तिच्यात बसायच्या ते संध्याकाळपर्यंत उठायच्या नाहीत. फोन, जेवण, भांडणं, सगळं खुर्चीतून. त्या दिवशी शेडमध्ये कुजबुज असायची, "मैडम आज बैठे हैं जी," म्हणजे आज जपून. "उभ्या माणसाला खुर्ची कळत नाही," असं त्या म्हणायच्या. संध्याकाळी शेडच्या बाहेर, टेम्पोत माल चढवायचा जो सिमेंटचा उतार होता, त्याच्या मध्यावर त्या खुर्ची घेऊन जायच्या. ब्रेक लावायच्या. मग कुणीतरी चहा आणून द्यायचा आणि दोन्ही हातांनी कप धरून त्या सावकाश प्यायच्या. चाकाला हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही. चहा संपेपर्यंत खुर्ची जागची हलली नाही, तर खेप पास. त्यांच्या सहीशिवाय एकही खुर्ची शेडबाहेर पडत नसे.

कारखान्याचा माणूस एकदा वैतागून म्हणाला, "मैडम, ढलान पे बैठके कौन चाय पीता है?"

"जिसका घर ढलान पे है वो," त्या म्हणाल्या आणि फुंकर मारून पुढचा घोट घेतला.

आमच्या हेल्पलाइनवर सिमरन बसायची. मोहालीची मुलगी, स्वतः लहानपणापासून व्हीलचेअरवर. जीभ पात्यासारखी. ती मला एकदा म्हणाली, "यार, दुनिया मला बघून उभी राहते. ही एकच बाई आहे जी बसते." तिचं मराठी निर्मलाताईंनी शिकवलेलं होतं, म्हणजे त्यात शिव्यांचं प्रमाण जरा जास्त होतं.

मग संस्था वाढायला लागली. विक्रम सर आमचे संचालक. ते वाईट माणूस होते असं लिहिता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. परदेशातली नोकरी सोडून ते इथे आले होते. खेड्यात गेले की जमिनीवर बसायचे आणि लोकांचं ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण देणगीदारांच्या बैठकीहून परत आले की त्यांच्या बोलण्यात एकच शब्द असायचा, स्केल. याच वर्षात दुप्पट आणि पुढच्या वर्षात त्याच्या दुप्पट. आम्ही शेड सोडून मोहालीच्या एका काचेच्या इमारतीत गेलो. बीनबॅग आल्या, भिंतीवर मोठ्या अक्षरांत करुणेबद्दलची वाक्यं आली. वर्कशॉप मात्र तिथे मावत नव्हतं, म्हणून ते 'तात्पुरतं' बलबीर पाजींसकट एका तळघरात गेलं.

नव्या ऑफिसात सगळीकडे चकचकीत फरशी. उतार कुठेच नव्हता. निर्मलाताईंनी पहिल्या आठवड्यातच गाड्यांच्या पार्किंगचा रॅम्प शोधून काढला. त्या तिथे खुर्ची लावून चहा प्यायला बसल्या आणि मागे मोटारींची रांग लागली. हॉर्नवर हॉर्न. सिक्युरिटीवाला धावत आला. "मैडम, यहाँ बैठना अलाउड नहीं है."

"मी बसलेली नाही, माझं काम चालू आहे," त्या मराठीतच म्हणाल्या. पुढे शेवटचा घोट होईपर्यंत त्यांना एकाएकी हिंदी येईनाशी झाली होती.

विक्रम सरांनी हसत हसत समजावलं. "निर्मला जी, आप ही ने ये संस्था खड़ी की है. पण आता आपल्याला सिस्टीम लागेल. प्रत्येक खेपेला एका माणसानं दिवसभर बसायचं, हे किती दिवस चालणार?" सिस्टीम आली. संगणकावर एक हिरवं बटण. कारखान्यानं स्वतःच तपासणी करायची, फोटो चढवायचे आणि आमच्याकडून कुणीही बटण दाबलं की खेप पास.

तेवढ्यात पंचकुल्याचा कार्यक्रम ठरला. मैदानावर मांडव, मोठे पाहुणे, शेकडो खुर्च्या एकाच दिवशी. कारखाना नवा होता. खेप आली तशी निर्मलाताई एका खुर्चीत बसल्या. संध्याकाळी पार्किंगच्या रॅम्पवर चहा निम्मा झाला असेल नसेल, खुर्ची हळूच मागे सरकली. चहा साडीवर. त्यांनी दुसरी खुर्ची आणवली. तीही सरकली. ब्रेक ज्या कडीनं दांडीला धरलेला होता ती कडी ढिली होती. वजन पडलं की ब्रेकच घसरत मागे जाई आणि टायर सोडून देई. सपाट फरशीवर काही कळत नव्हतं. फोटोत तर अजिबातच नाही.

त्यांनी बटण दाबायला नकार दिला. सगळ्या कड्या बदला, कार्यक्रम पुढे ढकला, म्हणाल्या.

"पाहुण्यांची तारीख पुन्हा मिळणार नाही," विक्रम सर म्हणाले. "लोक वाट बघतायत, निर्मला जी. काहीच नसण्यापेक्षा ही खुर्ची चांगली नाही का? दुरुस्ती मागाहून करू."

"काहीच नसतं तेव्हा बाई खाटेवर असते. खाट उतारावरून पळत नाही."

त्या खोलीतून बाहेर पडल्या. बटण दुसऱ्या कुणीतरी दाबलं. त्यात अवघड काहीच नव्हतं, बटण ते बटण.

कार्यक्रम दणक्यात झाला. बातमी मीच लिहिली, पहाट न उगवू देता.

पुढे काही दिवसांनी सिमरननं फोन घेतला आणि तिचा चेहरा उतरलेला मला काचेपलीकडून दिसला. कुराळीच्या बाजूच्या एका गावातली कुलदीप कौर नावाची बाई. खुर्ची मिळणार म्हणून मुलानं घराच्या उंबऱ्याबाहेर हौसेनं सिमेंटचा उतार करून घेतला होता. बाई ब्रेक लावून उन्हात बसली होती, शेंगा सोलत. खुर्ची उतारावरून सुटली आणि गल्लीतल्या नालीत जाऊन कलंडली. मनगट मोडलं. तिचे पाय कामाचे नव्हतेच, आता उजवा हातही प्लॅस्टरमध्ये. मुलगा फोनवर तक्रारही करत नव्हता. सिमरनला तो विचारत होता, "उतार मी जास्त तिरपा केला का जी? चूक माझीच असेल."

मला त्या वाक्यानं आग लागली. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. कुणी बटण दाबलं, कुणी नाही म्हटलं, कार्यक्रम का पुढे ढकलला नाही. नावानिशी सगळं. वर्तमानपत्रांना पाठवायचं, देणगीदारांना पाठवायचं, असं ठरवून मी ते निर्मलाताईंसमोर ठेवलं. वाटलं, आता तरी पाठ थोपटतील.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. "चांगलं आहे," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग कागद उलटा करून ठेवला. "हे छापलं की काय होईल?"

"संस्था उघडी पडेल."

"मंग वकील येतील. टेम्पो थांबतील, वर्कशॉपला कुलूप. आणि बाकीच्या खुर्च्या? त्या आज उतारावर उभ्या आहेत, पत्रक. त्यांचे ब्रेक कोण आवळेल, तुझे बाबा?"

"बाबांचं नाव काढू नका."

"बरं, नाही काढत. मला दोन महिने दे."

त्यांनी विक्रम सरांशी सौदा केला. गाजावाजा नाही, 'परत मागवल्या' असं कुठे म्हणायचं नाही. 'सेवा भेट' या नावाखाली त्या आणि बलबीर पाजी गावोगाव जातील आणि कड्या बदलतील. बदल्यात त्या कारखान्याकडून माल घेणं बंद करायचं. विक्रम सर लगेच हो म्हणाले.

मी त्या दोन महिन्यांत त्यांच्याशी धड बोलले नाही. धुळीनं माखून परत यायच्या, खुर्चीवर पाय वर घेऊन बसायच्या, आणि मला त्यांचा रागच यायचा. ज्यांनी घाण केली त्यांची घाण ही बाई गुपचूप पुसतेय, आणि पुसून झाल्यावर सगळे म्हणणार, बघा, किती स्वच्छ! आजही मला वाटतं की माझं म्हणणं खरं होतं. कुलदीप कौरनंतर मात्र एकही खुर्ची सुटली नाही, आणि हेही खरंच आहे. या दोन गोष्टींची सांगड मला अजून घालता आलेली नाही.

सगळ्या कड्या बदलून झाल्या आणि निर्मलाताईंना 'सल्लागार' करण्यात आलं. काचेची छोटी खोली, टेबलावर रोप, हाताखाली कुणी नाही. ऑपरेशन्सला एक नवा तरतरीत मुलगा आला. त्यानं संगणकावर एक आलेख तयार केला, ज्यात सगळं हिरवं दिसायचं. महिन्याभरात निर्मलाताईंनी राजीनामा दिला. निरोपाला केक होता. त्यांनी केक कापला, पहिला तुकडा बलबीर पाजींना दिला आणि पर्समधून डबी काढून त्यावर ठेचा लावला. विक्रम सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी. त्याचंच मला जास्त वैषम्य वाटलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं.

संस्थेचा पुढचा मोठा कार्यक्रम चंदीगडमध्येच होता. सकाळी मैदानावर पोचले तर सिमरन खुर्च्यांच्या रांगांमधून वेड्यासारखी फिरत होती. प्रत्येक खुर्चीच्या दांडीखाली हात घालून बघत होती.

"तोच कारखाना आहे," ती म्हणाली. "नाव बदललंय. कडी तीच. मी ताईंना फोन केलाय."

झिरकपूरच्या ट्रॅफिकमधून त्या कशा वेळेत पोचल्या कोण जाणे. सुती साडी, पदर खोचलेला, हातात पाना. मला बघून 'कशी आहेस' वगैरे काही नाही. बलबीर पाजींनी त्यांच्या पाया पडायला वाकावं तर त्यांनी त्यांच्या हातात दुसरा पाना दिला. चौघं कामाला लागलो. पान्यानं आवळली की कडी तात्पुरती तरी धरत होती. पण रांगा संपेनात. खुर्च्या मिळणारे लोक नातेवाइकांबरोबर येऊन त्या खुर्च्यांत बसू लागले. पाहुण्यांची गाडी आली. लाउडस्पीकर खरखरला.

स्टेजवर चढायला एक लाकडी रॅम्प केला होता. त्यावरून नवी खुर्ची वर न्यायची, पाहुण्यांनी हार घालायचा, फोटो. विक्रम सरांना वरून निर्मलाताई दिसल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज एकदम भरून आला. "आज हमारे बीच हमारी अपनी इंगोले मैडम भी आई हैं. ज़ोरदार तालियाँ!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दातओठ खात खाली वाकून कडी आवळत होते. वर बघितलं तर निर्मलाताई जागेवर नव्हत्या. न आवळलेल्या रांगेतली एक खुर्ची त्यांनी ओढून काढली होती आणि तिच्यात बसून, हातांनी चाकं रेटत, त्या रॅम्पवर चढत होत्या. टाळ्या वाढल्या. लोकांना वाटलं, सत्कार घ्यायला चाललीय बाई. रॅम्पच्या मध्यावर त्या थांबल्या. ब्रेक लावला. खाली बलबीर पाजी त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"पत्रक," त्यांनी हाक मारली, "चहा आण."

मांडवाच्या कोपऱ्यातून मी कागदी कप भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. टाळ्या विरत गेल्या. पाहुणे हार हातात धरून उभे. विक्रम सर माइकपासून जरा दूर झाले. त्यांना कळलं होतं. त्या सगळ्या गर्दीत काय चाललंय ते ज्यांना कळलं होतं, त्यांच्यात ते एक होते.

पहिला घोट. दुसरा घोट. मग खुर्ची मागे सरकली. आधी अगदी थोडी, मग एकदम. चहा उडून साडीवर सांडला. पुढे बसलेल्या बायका ओरडल्या. बलबीर पाजींनी पाठ धरली आणि खुर्ची रॅम्पच्या तळाशी थांबली. ज्यांना त्या दिवशी खुर्च्या मिळणार होत्या, ती सगळी माणसं आता आपण बसलोय त्या खुर्चीच्या ब्रेककडे बघत होती.

"निर्मला जी, प्लीज़," विक्रम सर स्टेजच्या कडेपर्यंत येऊन हळू म्हणाले.

निर्मलाताईंनी वर पाहिलंच नाही. पदरानं मांडीवरचा चहा पुसला. ब्रेक सोडला. चाकांवर हात ठेवले आणि पुन्हा रॅम्प चढायला लागल्या, पहिल्याइतक्याच सावकाश. मध्यावर पोचल्यावर ब्रेक लावला आणि रिकामा कप माझ्याकडे धरला.

"दुसरा आण," म्हणाल्या. "आणि जरा भरून आण."